आकडा की नाव? अलिबागच्या वेधशाळेपासून संगणकाच्या यादीपर्यंत

अलिबागच्या किनाऱ्यावरील कोळ्याला विचारा, 'आज पाणी कसं आहे?' तो 'उधाण आहे' किंवा 'भांग आहे' असे सांगेल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती म्हणजे उधाण, अष्टमीच्या सुमाराची लहान भरती म्हणजे भांग. ही दोन नावे झाली. पाणी प्रत्यक्षात किती मीटर चढले, हे माप वेगळे. होडी केव्हा लोटायची हे ठरवायला नाव पुरते, बंदराचा धक्का बांधायचा असेल तर माप लागते. दोन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत. घोटाळा होतो तो नाव हेच माप समजल्यावर. आणि नाव जर अंकात लिहिलेले असेल, तर तो घोटाळा हमखास होतो.

नाव आणि माप यांतील हा फरक विज्ञानाला आणि पुढे संगणकशास्त्राला नीट समजायला बराच काळ लागला. त्याचा इतिहास पाहण्यासाठी आपल्याला फार लांब जावे लागत नाही. अलिबागला समुद्राकडे जाताना चुंबकीय वेधशाळा लागते. तिथूनच सुरुवात करू.

ट्रॅममुळे हललेली वेधशाळा

मुंबईत कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा उभारली. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तिथे १८४१ पासून सुरू झाल्या. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र स्थिर नसते. दिवसाच्या चोवीस तासांत ते थोडे वरखाली होते आणि सूर्यावर मोठी उलथापालथ झाली की त्यात 'चुंबकीय वादळ' उठते. हे बदल मूळ क्षेत्राच्या मानाने फार लहान असतात. अलिबागला चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे. शांत दिवसातील चढउतार त्यापुढे काही दशक नॅनोटेस्लांचाच असतो.

एवढे सूक्ष्म मोजमाप करणाऱ्या जागेजवळून विजेची ट्रॅम जाऊ लागली, तर नोंदी बिघडणार हे उघड होते. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार हे ठरल्यावर वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली चुंबकीय उपकरणांसाठी अलिबागची जागा निवडण्यात आली. तिथे १९०४ मध्ये काम सुरू झाले. नवी जागा आणि जुनी जागा यांच्या नोंदी जुळवता याव्यात म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे समांतर वेध घेतले गेले. मुंबईत विजेची ट्रॅम धावली ती १९०७ मध्ये. बदल होण्याआधीच तुलनेची तजवीज करून ठेवणारी ही दूरदृष्टी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी आहे. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे दोन खंड १९१० मध्ये प्रसिद्ध केले.

इथे नावाचा एक घोटाळाही लक्षात घेऊ. कुलाबा वेधशाळा मुंबईत, कुलाबा किल्ला अलिबागच्या समुद्रात, आणि अलिबाग ज्या जिल्ह्यात आहे त्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा! 'कुलाब्याची नोंद' म्हटले की नेमकी कुठली? अशा संदिग्धतेवर उपाय म्हणून आज जगातील प्रत्येक चुंबकीय वेधशाळेला तीन अक्षरी संकेत दिलेला असतो. अलिबागचा संकेत आहे एबीजी. मान्य संकेतांची यादी ठरलेली असते, त्या यादीबाहेरचे काही चालत नाही. 'ठरलेली यादी' ही कल्पना इथेच मनात धरून ठेवा.

शून्य, एक, दोन

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभर बऱ्याच चुंबकीय वेधशाळा होत्या. प्रत्येकीकडे प्रकाशकिरणाने छायाचित्रणाच्या कागदावर उमटलेल्या वळणदार रेषांचे ढीग साठत होते. अमुक एक दिवस सगळ्या पृथ्वीवर शांत होता की वादळी, हे सांगायचे कसे? सगळे कागद एका जागी आणून मोजणे अशक्यच होते. म्हणून १९०६ पासून एक साधी पद्धत सुरू झाली. प्रत्येक वेधशाळेने दिवसाच्या आलेखाकडे पाहून त्याला तीनपैकी एक अंक द्यायचा. शांत दिवसाला ०, मध्यम क्षुब्ध दिवसाला १, फार क्षुब्ध दिवसाला २. चौथा पर्याय नाही.

ही तीन चिन्हांची बंद यादी होती. ०, १, २ ऐवजी 'शां', 'म', 'क्षु' असे लिहिले असते तरी अर्थ तोच राहिला असता. यात क्रम आहे: शांतपेक्षा मध्यम वरचा, मध्यमपेक्षा क्षुब्ध वरचा. पण २ म्हणजे १ च्या दुप्पट असे कुणी म्हटलेले नाही.

पुढे मात्र सर्व वेधशाळांच्या अंकांची सरासरी काढून दिवसाचा आंतरराष्ट्रीय अंक ठरू लागला. तो ०.० पासून २.० पर्यंत दशांशात येई. नावांची सरासरी! व्यवहारात ती उपयोगी पडली, कारण महिन्यातील सर्वांत शांत दिवस निवडायला ती पुरेशी होती. पण उणिवा लवकरच दिसू लागल्या. एका निरीक्षकाचा १ हा दुसऱ्याला २ वाटे. शिवाय मोठे वादळ आणि महाभयंकर वादळ यांना एकच अंक मिळे, कारण २ च्या वर यादीत काही नव्हतेच.

बार्टेल्सच्या दहा पायऱ्या

जर्मन शास्त्रज्ञ युलियस बार्टेल्स यांनी १९३८-३९ मध्ये नवी यादी सुचवली. तिला 'के निर्देशांक' म्हणतात. दिवसाचे तीन-तीन तासांचे आठ भाग करायचे. प्रत्येक भागात नेहमीचा दैनंदिन चढउतार वजा करून उरलेला कमाल-किमान फरक मोजायचा आणि त्यावरून ० ते ९ यांपैकी अंक द्यायचा. जर्मनीतील नीमेग्क वेधशाळेसाठी पायऱ्या अशा होत्या: ५ नॅनोटेस्लापेक्षा कमी फरकाला ०, ५ ते १० ला १, १० ते २० ला २, २० ते ४० ला ३, ४० ते ७० ला ४, ७० ते १२० ला ५, १२० ते २०० ला ६, २०० ते ३३० ला ७, ३३० ते ५०० ला ८ आणि ५०० व त्यावरील सगळ्याला ९.

ध्रुवाजवळ वादळाचा परिणाम अधिक तीव्र असतो, विषुववृत्ताकडे सौम्य. म्हणून प्रत्येक वेधशाळेची पट्टी वेगळी. अलिबागसारख्या कमी अक्षांशावरील वेधशाळांना ९ साठी ५०० पेक्षा बरीच कमी मर्यादा ठरवून दिलेली असते. अलिबागचे के निर्देशांक भारतीय नोंदींच्या वार्षिक खंडांत छापले गेले आहेत.

आता निरीक्षकाच्या अंदाजाऐवजी पट्टी आली. मात्र पायऱ्या समान उंचीच्या नाहीत हे तुमच्या लक्षात आलेच असेल. जिन्याची पहिली पायरी बोटभर आणि नववी पुरुषभर उंच असावी, तसा हा प्रकार. अशा पायऱ्यांच्या क्रमांकांची सरासरी काढली तर काय होते?

पुढे बार्टेल्स यांनीच तेरा वेधशाळांवरून सबंध पृथ्वीसाठी 'केपी' हा निर्देशांक तयार केला (अलिबाग या तेरांत नाही). केपीची पायरी पुन्हा समान मापात आणण्यासाठी 'एपी' नावाचा तक्ताही त्यांनी दिला. त्यात १ या पायरीचे माप ४, ५ चे ४८, ८ चे २०७ आणि ९ चे ४०० आहे. समजा, एका भागात केपी १ होता आणि दुसऱ्यात ९. पायऱ्यांची सरासरी ५ येते, म्हणजे माप ४८. पण मापांची सरासरी (४ + ४००) ÷ २ = २०२, म्हणजे जवळजवळ आठवी पायरी! नावांची बेरीज केली की मोठे वादळ मधल्यामध्ये गायब होते. हे गणित फळ्यावर पाच मिनिटांत करून दाखवता येते.

संगणक आला, आणि जुनाच प्रश्न

संगणकावर पहिल्या पिढीचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. यंत्राला फक्त अंक कळतात. मग सोमवार म्हणजे १, मंगळवार २ असे कागदावर ठरवायचे आणि कार्यक्रमात नुसते १, २ लिहायचे. सहा महिन्यांनी तोच कार्यक्रम वाचताना '३' म्हणजे बुधवार, मार्च महिना की तिसरी इयत्ता, हे लिहिणाऱ्यालाही आठवत नसे. शिवाय वारात चुकून महिना मिळवला, तर यंत्र निमूटपणे उत्तर देई.

व्यापारी कामासाठी १९६० च्या सुमारास आलेल्या कोबोल भाषेत यावर अर्धा उपाय होता. एखाद्या रकान्यातील विशिष्ट मूल्याला नाव देता येई आणि अटीत ते नाव वापरता येई. पूर्ण उपाय सुचवला तो ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होअर यांनी. 'स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग' या १९७२ च्या पुस्तकातील आपल्या लेखात त्यांनी म्हटले, की काही गोष्टींची सगळी संभाव्य मूल्ये एकेक करून लिहून काढता येतात. पत्त्यांचे चार रंग घ्या. ती यादी हाच एक स्वतंत्र 'प्रकार' माना. त्याच सुमारास स्वित्झर्लंडचे निकलाउस विर्थ यांनी आपल्या पास्कल भाषेत ही सोय प्रत्यक्ष आणली. यालाच 'एन्युमरेटेड टाइप' म्हणतात. आपण त्याला 'यादी-प्रकार' म्हणू.

१९०६ ची पद्धत पास्कलच्या धर्तीवर मराठीत लिहिली तर अशी दिसेल:

प्रकार दिवसाचा-स्वभाव = (शांत, मध्यम, क्षुब्ध);

या एका ओळीने चार गोष्टी साधतात. पहिली, या तिनांखेरीज चौथे मूल्य घालताच येत नाही. दुसरी, लिहिलेला क्रम हाच त्यांचा क्रम, म्हणून 'शांत < क्षुब्ध' हे विधान खरे ठरते. तिसरी, 'मध्यमनंतरचा कोण?' असे विचारता येते आणि उत्तर 'क्षुब्ध' मिळते. चौथी सर्वांत महत्त्वाची: 'शांत + क्षुब्ध' असे लिहिले तर कार्यक्रम चालण्याआधीच कंपायलर तो नाकारतो. आत यंत्र ०, १, २ असेच साठवते, पण त्या अंकांशी अंकगणित करायला परवानगी देत नाही. वेधशाळांच्या सरासरीत जो मोह झाला, त्याला भाषेनेच लावलेला हा चाप होय.

सगळ्या भाषांनी तो तितक्याच कडकपणे लावला नाही. सी भाषेत यादी-प्रकार १९७० च्या दशकाच्या अखेरीस आला आणि १९८९ च्या अमेरिकन प्रमाण आवृत्तीत समाविष्ट झाला, पण तिथे यादीतील नावे म्हणजे अखेर पूर्णांकच. त्यामुळे बेरीज बिनबोभाट होते. जावा भाषेत यादी-प्रकार आला तो थेट २००४ मध्ये. तोवर कार्यक्रम लिहिणारे पुन्हा साध्या अंकांना नावे देऊन भागवत होते.

अधिक आधी की उणे?

नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये हा प्रश्न आणखी एका रूपात येतो. केपीच्या प्रत्येक पायरीचे पुढे तीन भाग केले आहेत: १-, १ओ, १+ असे. मधल्याला 'ओ' अक्षर लावतात. सर्वांत खाली ०ओ आणि सर्वांत वर ९ओ, अशी एकूण २८ मूल्ये होतात. ही मूल्ये डेटाबेसमध्ये नुसती अक्षरे म्हणून साठवली आणि क्रमाने मांडायला सांगितली, तर काय होईल? संगणकाच्या सर्वपरिचित आस्की संकेतात अधिक चिन्हाचा क्रमांक ४३, उणे चिन्हाचा ४५ आणि ओ अक्षराचा त्यांच्याही बराच पुढे आहे. या क्रमांकांनुसार मांडणी होईल १+, १-, १ओ. वादळ चढत असताना ते उतरते आहे असे दिसेल!

यादी-प्रकारात हे होत नाही, कारण तिथे क्रम वर्णमालेवरून ठरत नाही, यादी लिहिणाऱ्याने ठरवलेला असतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये यादी-प्रकाराची सोय आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ती २००८ च्या आवृत्तीत आली. तिथे एकदा केलेल्या यादीत नवे मूल्य घालण्याची सोपी आज्ञा २०११ मध्ये मिळाली. यादीतील मूल्य काढून टाकण्याची आज्ञा मात्र नाही. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. जुन्या हजारो नोंदींत ते मूल्य वापरलेले असेल, तर ते काढल्यावर त्या नोंदींचा अर्थ काय राहील?

यादी वाढवावी लागते, याचेही उदाहरण चुंबकीय नोंदींतच आहे. जगातील अनेक वेधशाळा इंटरमॅग्नेट या जाळ्यात एकत्र आल्या आहेत आणि अलिबागही त्यात आहे. तिथे प्रत्येक नोंदीवर ती किती पक्की आहे याचा शिक्का असतो: कच्ची, तात्पुरती किंवा अंतिम. अंतिम नोंद तयार व्हायला बराच काळ लागतो, तात्पुरती पुरेशी भरवशाची नसते. तेव्हा या दोहोंमध्ये 'जवळजवळ अंतिम' असा चौथा शिक्का पुढे घालावा लागला.

९९९९९ ची गोष्ट

याच नोंदींत आणखी एक संकेत आहे. उपकरण बंद पडले, नोंद झालीच नाही, तर त्या मिनिटाच्या जागी ९९९९९ लिहितात. हा आकडा म्हणजे माप नव्हे. 'नोंद नाही' या वाक्याचे ते अंकांतील रूप आहे.

एखाद्या उत्साही विद्यार्थ्याने हे न वाचताच तासाची सरासरी काढली असे समजा. साठ मिनिटांपैकी ५९ मिनिटे क्षेत्र ३८,५०० नॅनोटेस्ला होते, एका मिनिटाची नोंद नाही. (५९ × ३८,५०० + ९९,९९९) ÷ ६० = सुमारे ३९,५२५. खऱ्या मूल्यापेक्षा १,०२५ ने जास्त! पृथ्वीवर काहीही घडलेले नसताना, एका गहाळ मिनिटामुळे कागदावर प्रचंड उलथापालथ झाली. म्हणूनच डेटाबेसमध्ये 'मूल्य नाही' यासाठी अंकांहून वेगळी खूण ठेवलेली असते आणि सरासरी काढताना ती जागा वगळली जाते.

यादी संपते तेव्हा

मग नावांच्या याद्या सोडून नुसती मापेच वापरावीत का? तसेही नाही. वीजमंडळाला किंवा उपग्रह चालवणाऱ्यांना इशारा देताना 'केपी ८' हे दोन शब्द पानभर आकड्यांपेक्षा उपयोगी असतात. पण वर्ग देऊन झाल्यावर मूळ माप फेकून द्यायचे नसते. याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच कुलाब्याच्या वहीत आहे.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर तेजस्वी स्फोट पाहिला. दुसऱ्या दिवशी, २ सप्टेंबरला, पृथ्वीवर इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध चुंबकीय वादळ उठले. अनेक ठिकाणी आलेख कागदाबाहेर गेले. कुलाब्याला तेव्हा छायाचित्रणाची सोय नव्हती, निरीक्षक डोळ्यांनी वाचून नोंद करीत. नेहमीची नोंद तासाची, पण वादळ सुरू झाल्यावर त्यांनी ती काही काही मिनिटांनी घेतली. त्या दिवशी आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे त्यात दिसते. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय सहकाऱ्यांनी ही नोंद जगापुढे मांडली, तेव्हा १८५९ च्या वादळाचे आकारमान सांगणारा तो दुर्मिळ पुरावा ठरला.

मार्च १९८९ च्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली. त्याची केपी पायरी ९. मे २०२४ मध्ये लडाखमधूनही आकाशात लाली दिसली. तेव्हाही ९. विषुववृत्ताच्या आसपासच्या वेधशाळांवरून तासागणिक काढलेली घट मात्र १९८९ मध्ये सुमारे ५९० आणि २०२४ मध्ये सुमारे ४०० नॅनोटेस्ला होती. कुलाब्याचा आकडा एका जागेचा आणि एका क्षणाचा असल्याने त्याची यांच्याशी थेट तुलना करता येत नाही. पण तासाची सरासरी काढली, तरी तो १९८९ च्या वरच राहतो. त्या वादळालाही केपी दिला असता तर तो ९ च असता. यादीची शेवटची पायरी 'आणि त्यावरील सगळे' अशी असते, तिच्या पुढचे सगळे सारखेच दिसू लागते. ही अडचण ओळखून जर्मनीतील पॉट्सडॅमच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये वरचे टोक उघडे ठेवलेले नवे निर्देशांक प्रसिद्ध केले. त्यांत ९ च्या पुढेही जाता येते. मात्र १८५९ च्या निरीक्षकांनी 'फार क्षुब्ध' एवढेच लिहून वही मिटली असती, तर कुठल्याही नव्या यादीने ती उणीव भरून निघाली नसती.

आपल्या वर्गातील याद्या

हे सगळे शाळेपासून दूरचे वाटते का? आपल्या कपाटातील गुणपत्रक काढून पाहा. हजेरी क्रमांक हे नाव आहे, गुण हे माप आहे, श्रेणी ही क्रम असलेली यादी आहे. तिन्ही अंकांत किंवा अक्षरांत लिहिलेली, शेजारी शेजारी. आता एक मूल तापामुळे परीक्षेला आले नाही. त्याच्या रकान्यात 'गैरहजर' लिहायचे की ०? वर्गातील दहा मुलांपैकी नऊ जणांना प्रत्येकी ६० गुण असतील आणि दहाव्यापुढे ० लिहिले, तर वर्गाची सरासरी ५४ होते. वर्ग मागे पडल्याचे दिसते, आणि न आलेल्या मुलाच्या नावावर 'काही येत नाही' असा शेरा कायमचा बसतो. ९९९९९ आणि हे ०, दोन्ही एकाच चुकीची दोन रूपे आहेत.

विद्यार्थ्यांना एक उपक्रम देता येईल. घरातील वीजबिल, शिधापत्रिका, बसचे तिकीट, दाखला असे कागद आणायला सांगा. त्यांवरील प्रत्येक अंकापुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा: 'नाव', 'क्रम' किंवा 'माप'. यांपैकी कोणत्या अंकांची बेरीज करता येईल? कोणत्यांची फक्त लहानमोठेपणाने तुलना? कोणत्यांचे दोन्हीही नाही? बसच्या मार्गाचा क्रमांक आणि तिकिटाची रक्कम यांवरून वर्गात चांगली चर्चा रंगते. एखाद्या अंकावरून वाद झालाच, तर तो लगेच मिटवू नका. बार्टेल्सच्या पायऱ्यांवरही तसाच वाद झाला असता.

आणि अलिबागला सहल गेली, तर किल्ल्याकडे जाण्याआधी वेधशाळेच्या फाटकापाशी दोन मिनिटे थांबून मुलांना १८५९ ची ती वही जरूर सांगा.